घराला भिंती नाहीत, कुलूप मात्र भारी

बेसबॉलमधला सगळ्यात फसवा आकडा कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी पापणी न लववता सांगेन: 'सेव्ह'. या एका आकड्यानं गेली पन्नासहून अधिक वर्षं चाहत्यांना, पत्रकारांना आणि खुद्द टीम चालवणाऱ्यांना भुलवलंय. हरणाऱ्या टीमनं आपला क्लोजर विकून त्याच्या बदल्यात तरुण बॅटर आणला की दरवर्षी जुलैअखेर बोंबाबोंब होते, हिरा देऊन गारगोटी घेतली म्हणून. माझं मत उलट आहे. जी टीम यंदा जिंकणार नाही, तिनं क्लोजर विकलाच पाहिजे. मात्र विकून जे आणलं ते सांभाळायची दानत नसेल, तर तो व्यवहार म्हणजे चाहत्यांच्या डोळ्यांत धूळ आहे. आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पुण्यात बसून बेसबॉल बघणारे आम्ही मोजकेच. अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे सुरू होतात आणि बऱ्याचशा ऑफिसच्या पहिल्या मीटिंगआधी संपतात, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्याला हा खेळ सोयीचा पडतो. पण तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसणार, म्हणून आधी थोडं नियमांचं बोलू.

मॅच नऊ इनिंग्जची. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम्सना एकेकदा बॅटिंग मिळते, तीन आउट झाले की बाजू बदलते. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग्ज टाकतो, मग एकामागून एक ताज्या दमाचे पिचर येतात. आपली टीम एक, दोन किंवा तीन रननी पुढे असेल, तर शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगला जो येतो तो क्लोजर. स्टेडियमचे दिवे लुकलुकतात, त्याचं ठरलेलं गाणं वाजतं, तो ताशी शंभर मैलांच्या आसपास बॉल फेकतो आणि तीन आउट काढतो. आघाडी टिकली की त्याच्या नावावर एक सेव्ह.

ही कल्पना शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन याच्या डोक्यातून निघाली. १९६९मध्ये ती अधिकृत आकडेवारीत आली. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा मॅनेजर टोनी ला रुसा यानं डेनिस एकर्सलीला मुख्यतः नवव्या इनिंगपुरताच राखून ठेवायला सुरुवात केली. एकर्सली इतका भारी निघाला की सगळ्यांनीच ती पद्धत उचलली. क्रम लक्षात घ्या: आधी आकडा आला, मग त्या आकड्याच्या मापानं माणसाचं काम कापलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आपला डेथ ओव्हर्सचा बॉलरच की. बुमराहला कुणी विकतं का?

हीच तुलना अमेरिकेत राहणारे आपले क्रिकेटवेडे मित्रही करतात, आणि ती चुकीची आहे. टी-ट्वेंटीत बुमराह १२० पैकी २४ बॉल टाकतो, म्हणजे टीमच्या बॉलिंगचा पाचवा हिस्सा. तो नव्या बॉलनंही टाकतो, टीम अडचणीत असतानाही टाकतो. क्लोजर वर्षाला साधारण ६० ते ७० इनिंग्ज टाकतो. १६२ मॅचेस गुणिले नऊ केलं तर टीमला वर्षाला सुमारे साडेचौदाशे इनिंग्ज टाकाव्या लागतात. म्हणजे क्लोजरचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली. शिवाय टीम मागे असली की तो बहुतेक वेळा बाकावरच बसलेला असतो. जी टीम वर्षाला शंभर मॅचेस हरते, तिचा क्लोजर म्हणजे ओसाड गावातला सोनार.

दुसऱ्या बाजूला रोज खेळणारा बॅटर बघा. वर्षाला सहाशेहून जास्त वेळा तो बॅट घेऊन उभा राहतो. वर शॉर्टस्टॉप किंवा कॅचर असेल तर रोज आठ-नऊ इनिंग्ज फील्डिंगही करतो. टीम पुढे असो की मागे, त्याचं काम चालूच.

यावर क्लोजरभक्तांचं उत्तर तयार असतं: अहो, पण त्या पाच टक्के इनिंग्ज सगळ्यात महत्त्वाच्या असतात! मान्य. चुरशीच्या नवव्या इनिंगला सर्वसाधारण इनिंगपेक्षा दुप्पट वजन द्या. पाचाचे दहा टक्के होतील. त्यापुढे मात्र एक गोष्ट या भक्तांना अडचणीची आहे. आठ इनिंग्ज संपल्यावर जी टीम पुढे असते, ती सुमारे ९५ टक्के वेळा जिंकते, आणि हे प्रमाण गेली कित्येक दशकं जवळपास तेवढंच आहे. क्लोजर नावाची जात जन्माला यायच्या आधीही ते तेवढंच होतं. कोट्यवधी डॉलर मोजून आपण जे कुलूप आणलं, त्याच्या आधीही घरं फारशी फुटत नव्हती.

मग क्लोजर एवढा मोठा का वाटतो? कारण तो दिसतो. माझ्या आधीच्या एका कंपनीत दर तिमाहीला बक्षीस मिळायचं ते रात्री दोन वाजता उठून बंद पडलेला सर्व्हर चालू करणाऱ्याला. जिची सिस्टीम वर्षभर एकदाही पडली नाही, तिचं नाव कुठल्याच मेलमध्ये आलं नाही. सेव्हचंही अगदी तसंच आहे. आघाडी तीन रनची असेल तर क्लोजरला सेव्ह मिळते. तुमच्या बॅटरनं सातव्या इनिंगला ग्रँड स्लॅम ठोकून ती आघाडी सातवर नेली, तर सेव्हची संधीच संपते. म्हणजे चांगला बॅटर सेव्ह नाहीशा करतो. आग विझवणाऱ्याचा सत्कार होतो, आग लागूच न देणारा यादीत नसतो.

आता प्रत्यक्ष व्यवहारांकडे येऊ.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला सौदा २५ जुलै २०१६चा. न्यू यॉर्क यांकीजनी आपला क्लोजर अरोल्डिस चॅपमन शिकागो कब्जना दिला. बदल्यात चार खेळाडू घेतले, त्यातलं मुख्य नाव १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप ग्लेबर तोरेस. यांकीज त्या वर्षी ना धड वर, ना धड खाली, आणि शेवटी ते प्लेऑफला पोचलेच नाहीत. कब्ज मात्र १९०८नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकायला निघाले होते, आणि ते जिंकलेही. तोरेसनं २०१८मध्ये पहिल्याच मोसमात २४ होम रन मारले, २०१९मध्ये ३८. आणि चॅपमन? तो डिसेंबर २०१६मध्ये पाच वर्षांच्या ८६ दशलक्ष डॉलरच्या करारावर परत यांकीजकडेच आला. भाड्यानं दिलेलं कुलूप परत मिळालं आणि वर एक भिंत फुकट.

यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. कब्जकडे क्रिस ब्रायंट, अँथनी रिझो, हावियेर बाएझ अशा बॅटरांनी बांधलेलं अख्खं घर उभं होतं. शॉर्टस्टॉपला अ‍ॅडिसन रसेल होता, त्यामुळे तोरेसला लगेच जागाही नव्हती. त्यांना कुलूपच हवं होतं. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचमध्ये चॅपमननं एका रनची आघाडी आठ आउटपर्यंत धरून ठेवली. ती मॅच गेली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. पण त्याच सिरीजचा शेवटही बघा. सातव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला याच चॅपमनला राजाय डेव्हिसनं होम रन मारून ६-६ अशी बरोबरी केली. दहाव्या इनिंगला कब्जच्या बॅटरांनी दोन रन काढले. आणि १०८ वर्षांची प्रतीक्षा संपवणारा शेवटचा आउट काढला माइक माँटगोमेरीनं, ज्याच्या नावावर मेजर लीगमध्ये तोवर एकही सेव्ह नव्हती. जगातलं सगळ्यात महागडं दार एका नवख्यानं ओढून घेतलं.

या सौद्याची आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. यांकीजना चॅपमन डिसेंबर २०१५मध्ये स्वस्तात मिळाला होता, कारण त्याच्यावर घरगुती हिंसाचाराचा आरोप झाला होता आणि त्यामुळे एका दुसऱ्या टीमबरोबरचा सौदा मोडला होता. त्यानं आरोप नाकारला, त्याच्यावर खटला झाला नाही, पण लीगनं आपल्या नव्या धोरणाखाली त्याला ३० मॅचेससाठी निलंबित केलं. या धोरणाखाली शिक्षा झालेला तो पहिला खेळाडू. म्हणजे ज्या व्यवहाराचे 'हुशार' म्हणून गोडवे गायले जातात, त्याच्या नफ्यात एका बाईच्या तक्रारीमुळे मिळालेली सवलत मिसळलेली आहे. गणित माझ्या बाजूनं आहे म्हणून ही रक्कम मी ताळेबंदातून खोडणार नाही.

दुसरा सौदा ताजा आहे. ३१ जुलै २०२५ला अ‍ॅथलेटिक्सनी मेसन मिलर हा ताशी शंभर मैलांच्या वर सहज बॉल फेकणारा क्लोजर, आणि त्याच्यासोबत जे. पी. सीअर्स हा पिचर, सॅन दिएगो पाद्रेसना दिला. बदल्यात चार जण आले. त्यात लिओ डी व्रीस होता: डॉमिनिकन रिपब्लिकचा १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप, देशातल्या सर्वोत्तम उगवत्या खेळाडूंच्या यादीत अगदी वरच्या रांगेतला. अ‍ॅथलेटिक्स तेव्हा शर्यतीतून केव्हाच बाहेर पडले होते. पाद्रेसकडे तर रॉबर्ट सुआरेझ हा क्लोजर आधीच होता. म्हणजे त्यांनी एका दाराला दुसरं कुलूप आणलं.

मग काय झालं? प्लेऑफमध्ये पाद्रेस पहिल्याच फेरीत कब्जकडून तीन मॅचेसच्या सिरीजमध्ये २-१नं हरले. मिलरनं काही बिघडवलं का? अजिबात नाही, त्यानं समोर आलेल्या बॅटरांची त्रेधा उडवली. पण पाद्रेसनी तीन मॅचेसमध्ये अनुक्रमे एक, तीन आणि एक असे मिळून पाच रन काढले. तीन मॅचेसवरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. पण एवढं तरी कळावं की जगातला सर्वोत्तम क्लोजर तुमच्यासाठी एकही रन काढू शकत नाही. आघाडीच नसेल तर तो राखणार काय?

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा वेगळाच आहे. ते म्हणतात, तरुण बॅटर म्हणजे लॉटरीचं तिकीट. आणि पुरावा म्हणून ते जॅरेड केलेनिकचं नाव घेतात. डिसेंबर २०१८मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सनी त्याच वर्षी ५७ सेव्ह केलेला एडविन दियाझ आणि रॉबिन्सन कानो यांना न्यू यॉर्क मेट्सकडे धाडलं. बदल्यात आलेल्यांतलं मोठं नाव केलेनिकचं. २०२१मध्ये पदार्पणाच्या मोसमात त्याची सरासरी होती .१८१. पुढेही तो अपेक्षेइतका फुलला नाही. मुद्दा खरा आहे, नाकारत नाही.

पण याच गोष्टीचं दुसरं पान वाचा. ज्या दियाझसाठी मेट्सनी हे सगळं केलं, त्याचा पहिल्याच वर्षीचा, म्हणजे २०१९चा इआरए होता ५.५९. सोप्या भाषेत, दर नऊ इनिंग्जना साडेपाच रन. क्लोजरसाठी ही लाजिरवाणी कामगिरी. २०२२मध्ये तो १.३१वर आला, पुन्हा राजा झाला. तीन वर्षांनी! म्हणजे लॉटरी दोन्हीकडे होती. फरक इतकाच की तरुण बॅटरला शिकायला वर्षं असतात आणि क्लोजरच्या खांद्याला नसतात. ताशी शंभर मैलांनी बॉल फेकणारा हात फळासारखा असतो: पिकलाय तोवर विका, नाहीतर पेटीतच सडेल.

उलट्या दिशेची उदाहरणं तर अंगावर काटा आणतात. १९९७मध्ये याच मरिनर्सनी हीथक्लिफ स्लोकम्ब नावाचा क्लोजर बोस्टन रेड सॉक्सकडून घेतला. त्याचा त्या वेळचा इआरए ५.७९ होता, तरी घेतला, कारण नावापुढे क्लोजर लिहिलेलं होतं. बदल्यात त्यांनी जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो दिले. व्हॅरिटेक बोस्टनचा कॅचर म्हणून २००४ आणि २००७ची वर्ल्ड सिरीज जिंकला, टीमचा कर्णधार झाला. २००४मध्ये तिन्ही फेऱ्यांच्या निर्णायक मॅचेस ज्याच्या नावावर लागल्या, तो पिचर होता लो. एका गळक्या कुलपासाठी दोन खांब दिले.

तर पहिला नियम असा: क्लोजर विकायचा की नाही, हे ठरवताना 'तो किती चांगला आहे' हा प्रश्नच विचारू नका. विचारा, 'यंदा आपल्याकडे राखण्यासारखं काही आहे का?' असेल तर ठेवा, नसेल तर विका. मिलवॉकी ब्रूअर्सनी ऑगस्ट २०२२मध्ये आपल्या गटात पहिल्या क्रमांकावर असताना जॉश हेडर विकला, आणि ते शेवटी एका विजयानं प्लेऑफला मुकले. तिथे चाहत्यांचा संताप शंभर टक्के योग्य होता. राखण्यासारखं होतं आणि विकलं.

पण ब्रूअर्सची गोष्ट तिथे संपत नाही, आणि इथूनच माझा दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न सुरू होतो. हेडरच्या बदल्यात आलेल्यांत एस्तेउरी रुईझ नावाचा चपळ आउटफिल्डर होता. डिसेंबर २०२२मध्ये तीन टीम्सचा एक सौदा झाला. ब्रूअर्सनी रुईझ अ‍ॅथलेटिक्सना दिला, अ‍ॅथलेटिक्सनी आपला उत्तम कॅचर शॉन मर्फी अटलांटा ब्रेव्ह्जना दिला, आणि ब्रेव्ह्जकडून २४ वर्षांचा कॅचर विल्यम काँत्रेरास ब्रूअर्सना मिळाला. ब्रूअर्सनी काँत्रेरासला रोज खेळवलं, त्याच्याभोवती टीम बांधली आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं गट जिंकला. डिसेंबर २०२४मध्ये त्यांनी पुढचा क्लोजर डेव्हिन विल्यम्स यांकीजना दिला आणि नेस्टर कोर्तेससोबत केलेब डर्बिन हा तरुण इनफिल्डर घेतला. डर्बिन २०२५मध्ये नियमित खेळला, ब्रूअर्सनी ९७ मॅचेस जिंकल्या, म्हणजे सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. विल्यम्सची क्लोजरची जागा यांकीजनी एप्रिलमध्येच काढून घेतली होती.

आता त्याच तिहेरी सौद्यातले अ‍ॅथलेटिक्स बघा. मर्फीच्या आधी, मार्च २०२२मध्ये त्यांनी मॅट ओल्सन अटलांटाला आणि मॅट चॅपमन टोरोंटोला विकला होता. प्रत्येक वेळी चाहत्यांना एकच शब्द ऐकवला गेला: भविष्य. आज सोसा, उद्या फळ मिळेल. ओल्सननं २०२३मध्ये ५४ होम रन मारले, पण अटलांटासाठी. आणि ओकलंडचं भविष्य? २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंड कोलिसियममध्ये शेवटची मॅच झाली. १९६८पासून त्या शहरात असलेली टीम मालक जॉन फिशर घेऊन गेला. सध्या ती सॅक्रमेंटोत सुमारे चौदा हजार क्षमतेच्या, मायनर लीगच्या मैदानावर खेळते आणि लास वेगासमधल्या नव्या स्टेडियमची वाट बघते.

मेसन मिलर पहिल्यांदा मेजर लीगमध्ये खेळला तो ओकलंडच्याच टीममध्ये, २०२३ साली. त्याला विकून आलेला डी व्रीस बहरेल तेव्हा बहुधा लास वेगासचा असेल. ओकलंडमधल्या ज्या पोरानं ओल्सन गेला तेव्हा दात खाऊन वाट बघितली, त्याला काय मिळालं? वाट त्यानं बघितली, फळ दुसऱ्याच शहराच्या ताटात पडणार.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांचा राग येतो. आम्ही आकडेवाले. 'क्लोजर विका, तरुण बॅटर घ्या' हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि मालकांनी ते आनंदानं उचललं. त्यांना रनांची चिंता होती म्हणून? तरुण बॅटर स्वस्त असतो, हे खरं कारण. मेजर लीगमधलं किमान वार्षिक वेतन २०२५मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होतं. नवा खेळाडू पहिली दोन-तीन वर्षं साधारण त्याच पातळीवर खेळतो आणि सहा वर्षांची सेवा होईपर्यंत मुक्तपणे दुसऱ्या टीमशी करार करू शकत नाही. आपल्या आयटीत फ्रेशर भरून सीनिअरना नारळ देण्याचा जो खेळ चालतो, तोच हा. त्याला 'टॅलेंटमध्ये गुंतवणूक' म्हणतात आणि टाळ्या वाजवून घेतात. सहावं वर्ष जवळ आलं की तो बॅटरही 'भविष्या'साठी विकायचा. घर कधी बांधायचंच नाही, फक्त विटांचा व्यापार करायचा.

अ‍ॅथलेटिक्सनी अलीकडे थोडी वेगळी वागणूक दाखवलीय, हेही नोंदवतो. २०२५च्या सुरुवातीला त्यांनी ब्रेंट रूकरला पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा आणि लॉरेन्स बटलरला सात वर्षांसाठी साडेसहा कोटींहून थोडा जास्त करार दिला. बॅटर आणले आणि बांधूनही ठेवले. उत्तम. पण टीम ओकलंडमध्ये होती तेव्हा ही दानत कुठे गेली होती, हे विचारायचा हक्क ओकलंडकरांना आहेच.

म्हणून निष्ठेच्या नावानं गळे काढणाऱ्यांना माझं सांगणं: क्लोजर गेला म्हणून रडू नका. त्याच्या गाण्याला, दिव्यांना, शंभर मैलांच्या बॉलला जरूर मिस करा, पण हरणाऱ्या टीमला त्याचा उपयोग नव्हता. रडायचं ते पुढच्या विक्रीला. आणि आकडेवाल्या दोस्तांनो, तुमचं स्प्रेडशीट बरोबर आहे, पण त्यात एक कॉलम कमी आहे: आणलेला पोरगा किती वर्षं इथेच राहणार? तो कॉलम रिकामा ठेवून तुम्ही जे विकताय त्याला रणनीती म्हणत नाहीत.

आमच्या धंद्यात कुणी 'हे फीचर भविष्यात येईल' म्हणालं की पहिला प्रश्न येतो: तारीख? दुसरा प्रश्न: करणार कोण? बेसबॉलच्या मालकांनाही हे दोनच प्रश्न विचारायला हवेत, दर जुलैअखेर, न चुकता. कुठल्या वर्षी जिंकणार, आणि त्या वर्षी हा पोरगा आपल्याच टीमच्या टोपीत असेल याचा करार कुठाय? दोन्हीचं उत्तर असेल तर क्लोजर खुशाल विका, मी स्वतः पेढे वाटेन. नसेल, तर तुम्ही तरुण बॅटर आणलेला नाही, पुढच्या विक्रीचा माल आणलाय.